मंजूर म्हणायची सवय

मी एक जुना माइक आहे, मित्रांनो, आणि लाजणं माझ्या स्वभावात नाही. माझी जाळी एका बाजूने चेपलेली आहे, मुठीवरचा काळा रंग उडाला आहे आणि बटनावर चिकटपट्टी आहे. पण आवाज? आवाज अजून खणखणीत आहे. चौकातल्या नव्या डीजेवाल्यांनी माझ्यासमोर उभं राहून दाखवावं. त्यांच्याकडे ढमढम आहे, शब्द कुठे आहेत?

माझा जन्म दूर दिल्लीकडच्या एका कारखान्यात झाला. तिथलं मला फारसं आठवत नाही. एका बाईने माझ्या पोटात तारा जोडल्या, मला तोंडाशी धरून "हॅलो" म्हणून पाहिलं आणि खोक्यात घातलं. मी पुन्हा उजेड पाहिला तो नागपूरच्या सीताबर्डीत, काचेच्या कपाटात. तिथे चंद्रपूरहून बाबूभाई आले. बाबूभाई साऊंड सर्व्हिसचे मालक. त्यांनी माझ्यावर फुंकर मारली, कानाशी नेऊन हलवलं आणि दुकानदाराला म्हणाले, "हे पोरगं चालते मले."

तेव्हापासून मी त्यांचाच. लग्नं, दर्ग्यावरचे संदल, भीमजयंती, गणपती, शारदा उत्सव, सगळीकडे मी गेलो. एकदा तर सिरोंच्याला लग्नात जाऊन रात्रभर तेलुगू गाणी म्हणून आलो. प्रत्येक कार्यक्रमाआधी बाबूभाई मला मऊ फडक्याने पुसत आणि नंतर पुन्हा पुसत. त्याला कारण होतं. आमच्याकडच्या माणसाच्या गालात खर्रा असतो, म्हणजे सुपारी आणि तंबाखूचा घोटलेला चुरा. भाषणाला उठताना माणूस तो थुंकून येत नाही, नुसता गालात सरकवून येतो. त्यामुळे बोलणारा कोणत्या पक्षाचा हे मला ओळखता येत नसलं, तरी तो कोणत्या पानठेल्यावरचा आहे हे मी लगेच सांगतो.

आता मी तुम्हाला ज्यांची गोष्ट सांगणार आहे ते खुशाल कोवे. ते बाबूभाईंकडे ऑटोतून जाहिरात करायला लागले तेव्हा त्यांना कोणी भाऊ म्हणत नव्हतं. नुसता खुशाल. त्याचे वडील डोंगरातल्या इरुकगुडा नावाच्या गोंड गावातून घुग्घुसच्या कोळसा खाणीत कामाला आले आणि तिथेच राहिले. खुशाल खाणीच्या क्वार्टरमध्ये, ट्रकांच्या धुळीत वाढला. गोंडी त्याला समजायची, पण बोलायला लागला की अर्ध्या वाक्यातच मराठी यायची.

ऑटोत बसून आम्ही दोघे अख्खं शहर फिरायचो. सर्कस आली, साड्यांचा सेल लागला, कोणाची म्हैस हरवली, सगळं आम्हीच सांगायचो. उन्हाळ्यात शहरात पाण्याचे हाल. नळ कधी येईल याचा कोणालाच पत्ता नसायचा. खुशाल सकाळीच पाण्याच्या टाकीवर जाऊन विचारून यायचा आणि साड्यांच्या सेलच्या मध्येच सांगून टाकायचा, "बायांनो, आयका! नदीकाठच्या मोहल्ल्यात आज दुपारच्याले पाणी येऊन राह्यलं! गुंड-घागरी भरून ठेवा!"

साडीवाला चिडायचा. बाया मात्र ऑटोचा आवाज आला की दारात येऊन उभ्या राहायच्या. त्याच बायांनी पुढे त्याला नगरसेवक केलं, आणि दुसऱ्याच दिवसापासून तो सगळ्या गावाचा खुशालभाऊ झाला. मलाही अहो-जाहो करायची सवय लावून घ्यावी लागली.

पुढे खुशालभाऊ महापौर झाले. पहिल्याच आमसभेत सभागृहातला माइक कुईं करून जो रडायला लागला तो थांबेचना. भाऊंनी माणूस पाठवून मला बोलावून घेतलं. मी गेलो आणि पहिल्याच शब्दात खिडक्यांच्या काचा हलवल्या. सरकारी माइक दुरुस्त होऊन आला तरी भाऊंनी मला परत पाठवलं नाही. "हा माह्या हातचा हाय," असं म्हणाले. मी महापौरांच्या टेबलावर बसू लागलो. दुकानात हार्मोनियमशेजारी पडून राहणाऱ्या माइकाच्या नशिबात यापेक्षा मोठं काय असणार?

तिथली रीत तुम्हाला सांगतो. नगरसचिव विषय वाचायचे. भाऊ मला तोंडाशी धरून विचारायचे, "मंजूर?" समोरून आरोळी यायची, "मंजूर! मंजूर!" कोणाचा विरोध असला तर तो उठून टेबल आपटायचा, ओरडायचा, कधी कधी मला हिसकायलाही यायचा. माझी जाळी चेपली ती अशाच एका विषयात. आणि कोणीच काही बोललं नाही, तर भाऊ एक श्वास घ्यायचे आणि म्हणायचे, "मंजूर." गप्प बसला तो हो म्हणाला, असा तिथला रिवाज होता. खरं सांगतो, तो मला आवडायचा. खुशालभाऊंची सभा चहा निवायच्या आत संपायची आणि कामाला सुरुवात व्हायची. नदीकाठच्या मोहल्ल्यात जलवाहिनी आली. तुंबलेले नाले मोकळे झाले. रस्ता रुंद करताना मध्ये येणारी दोन देवळं भाऊंनी पुजाऱ्यांशी बोलून मागे सरकवली आणि पहिल्यापेक्षा देखणी बांधून दिली. लोक म्हणायचे, माणूस असावा तर असा. त्या कौतुकातला थोडा वाटा मी स्वतःकडे ठेवून घेत असे.

मग लोकसभेची निवडणूक आली आणि भाऊ उभे राहिले. काय दिवस होते ते! घुग्घुसला पाळी सुटण्याच्या वेळी आम्ही खाणीच्या फाटकाशी बोललो. मोटारसायकलींवरून घरी निघालेले कामगार काळ्या तोंडांनी थांबून ऐकत होते. कोरपन्याला कापसाच्या गाड्यांच्या रांगेत सभा घेतली. डोंगरात गेलो, तिथे तर माझा आवाज एकदा जायचा आणि दोनदा परत यायचा. भाऊ निवडून आले. गुलाल माझ्या जाळीत असा बसला की बाबूभाईंना दात घासायच्या ब्रशने काढावा लागला.

खासदार झालेले भाऊ दिल्लीला गेले, मी मात्र इथेच राहिलो. संसदेत त्यांचे स्वतःचे माइक असतात म्हणे. मला वाईट वाटलं, लपवत नाही. पण दुकानातल्या टीव्हीवर मी पाहिलं, तिथे आमच्या भाऊंना बोलायला मोजका वेळ मिळायचा. तो संपला की लाल दिवा लागायचा आणि माइक बंद. जो माणूस बोलायला लागला की अख्खं शहर ऐकायचं, त्याचं वाक्य मध्येच तुटायचं. भाऊ तिथून परत यायचे ते घाईत यायचे. काहीतरी करून दाखवायचं होतं त्यांना, आणि तेही लवकर.

पहिलं काम त्यांनी ठरवलं ते वडिलांच्या गावाचं. इरुकगुड्याच्या अलीकडे एक नाला आहे. पावसाळ्यात तो भरला की गाव एकीकडे आणि रेशनचं दुकान, आश्रमशाळा, दवाखाना दुसरीकडे. गावाने कित्येक वर्षांपासून पूल मागितला होता. भाऊंनी आराखडा करून घेतला. नाल्यावर पूल आणि पुलापासून सरळ गावात जाणारा रस्ता. त्या सरळ रेषेत साजाच्या जुन्या झाडांची एक राई होती. तिथे कोवे कुळाचं पेन राहतं. पेन म्हणजे त्यांचा देव. मूर्ती नाही, देऊळ नाही, झाडाखाली दगड आणि मोरपिसांचा झुपका. भाऊही कोवेच, म्हणजे ते त्यांचंही पेन. पण भाऊंनी शहरात देवळं मागे सरकवली होती. हेही तसंच होईल असं त्यांनी धरलं.

आम्ही इरुकगुड्याला गेलो. बाबूभाईंनी आंब्यावर भोंगे बांधले. सगळं गाव जमलं. पुढे गावचे पाटील वारलूदादा, काटक म्हातारे, आणि बायांमध्ये सोनीबाई. सोनीबाई म्हणजे भाऊंच्या सख्ख्या आत्या, त्यांच्या वडिलांची धाकटी बहीण. भाऊ भरभरून बोलले. पूल कसा होईल, रस्ता कुठून येईल, सगळं सांगितलं. "साजाच्या राईतून रस्ता जाईल," ते म्हणाले. "पेनाले मांगं सरकवू, पक्का ओटा बांधून देऊ. मंजूर?"

कोणी बोललं नाही. वारलूदादा काडीने मातीत रेघ ओढत होते. बाया नाल्याकडे पाहत होत्या. एक कोंबडं आरवलं, ते माझ्यातून गेलं आणि डोंगरावरून परत आलं.

भाऊंनी एक श्वास घेतला. "मंजूर!"

सोबत आलेल्या कार्यकर्त्यांनी टाळ्या वाजवल्या. भाऊ निघाले तेव्हा सोनीबाईंनी त्यांचा हात धरला. "बस बाबू. आंबील पिऊन जा. आता तं बोलणं सुरू होईल."

"बोलणं झालं ना आत्या," भाऊ हसत म्हणाले. "आता पूलच घेऊन येतो."

मलाही वाटलं, काय शहाणं गाव आहे, एकानेही टेबल आपटलं नाही. टेबलच नव्हतं हे खरं. पण मित्रांनो, त्या गावात पाहुणा बोलत असताना मध्ये बोलत नाहीत. तो जेवतो, उठतो, मग गोष्ट घराघरांत फिरते. बाया पाण्यावर बोलतात, माणसं जंगलात बोलतात, आणि मग सगळे एकत्र बसतात. अशा बैठका होत राहतात. सगळ्यांच्या तोंडून हो निघेपर्यंत तो हो नसतो. आम्ही मात्र तोवर चंद्रपूरला पोहोचून मिठाई वाटत होतो.

भाऊंनी दिल्लीत सभागृहात उभं राहून सांगितलं, गावाने एकमताने मंजुरी दिली आहे. कागद भराभर हलले. एक दिवस पिवळं खोदकामाचं यंत्र नाला ओलांडून राईपाशी आलं. आणि बाया येऊन त्याच्यासमोर बसल्या. सगळ्यांच्या पुढे सोनीबाई.

बातमी सगळीकडे झाली. विरोधक म्हणू लागले, खासदार संसदेत खोटं बोलले. अधिकारी म्हणाले, काम अडलं तर पूल दुसऱ्या तालुक्यात जाईल. म्हणजे एका बाजूला पूल होता, दुसऱ्या बाजूला देवाची राई, आणि मध्ये भाऊंचा शब्द. भाऊ तडक बाबूभाईंच्या दुकानात आले. रागाने त्यांचा आवाज चिरकत होता.

"तोंडावर हो म्हणते अन् मांगून आडवे होते! माह्याच गावचे लोक!"

बाबूभाई एका भोंग्याची तार जोडत होते. "हो कोण म्हन्लं भाऊ?"

"अख्खं गाव होतं ना तिथी!"

"होतं ना. मी बी होतो. मले तं तुमचाच आवाज आयकू आला."

भाऊंनी माझ्याकडे पाहिलं. मला बोलता आलं असतं तर मीही तेच सांगितलं असतं. त्या दिवशी माझ्यातून एक माणूस आणि एक कोंबडं, एवढेच गेले होते.

भाऊ बाकड्यावर बसले. कार्यकर्त्यांचे फोन येत होते. दोन माणसं पकडा, माइकवर "मंजूर" म्हणायला लावा, व्हिडिओ काढा, विषय संपवा, असा सल्ला होता. भाऊंनी फोन खिशात ठेवला. "बॅटरी चार्ज करून ठेव बाबूभाई," ते म्हणाले. "उद्या जाऊ."

आम्ही गेलो तेव्हा यंत्र तसंच उभं होतं आणि बाया त्याच्या सावलीत बसल्या होत्या. त्याच आंब्यावर भोंगे बांधून झाले. भाऊंनी मला हातात घेतलं आणि सवयीने सुरुवात केली, "माझ्या बंधू-भगिनींनो..."

सोनीबाई उठल्या. शांतपणे चालत आल्या आणि त्यांनी मला भाऊंच्या हातातून काढून घेतलं. उलटंपालटं करून पाहिलं. "याले झोपव बाबू," त्या भाऊंना म्हणाल्या. "हा लय घाई करते."

भाऊंनी खूण केली आणि बाबूभाईंनी माझी वायर काढली. मित्रांनो, मला राग आला. भर सभेत माझा असा अपमान आजवर कोणी केला नव्हता. मी घाई करतो? मी तर जे येतं ते पुढे देतो. पण बंद माइकाचं कोण ऐकणार? मात्र बंद असलो तरी मला ऐकू येतं, आणि त्या दिवशी मला फक्त ऐकायचंच काम उरलं.

सगळे गोल बसले. भाऊ खाली मातीत बसले, सोनीबाईंच्या शेजारी. आधी आंबील आली. मग एकेक जण बोलू लागला, कोणी गोंडीत, कोणी मराठीत. कोणालाही घाई नव्हती. एकाचं बोलणं संपलं की थोडा वेळ सगळे गप्प राहायचे, मग दुसरा. वारलूदादा म्हणाले, "पूल पायजे. पण पेन हलत नाई. आमचे बाप तिथीच, त्याहीचे बाप तिथीच. तुहा बापही तिथूनच सांगून घुग्घुसले गेला."

भाऊंनी मान खाली घातली. वडील गाव सोडताना राईत जाऊन आले होते हे त्यांना आजवर कोणी सांगितलं नव्हतं.

मग रस्ता वळवायचं बोलणं निघालं. राईच्या एका अंगाला खडक होता. दुसऱ्या अंगाला सोनीबाईंची मोहाची झाडं होती. त्यांच्या फुलांवर आणि टोळीवर, म्हणजे मोहाच्या बियांवर, सोनीबाईंचं वर्ष निघतं. नवरा नाही, मूल नाही, ती झाडंच त्यांचं सगळं. सोनीबाई म्हणाल्या, "माहे मोह जातीन तं जाऊ द्या. पेन राह्यलं पायजे, अन् पूल बी झाला पायजे."

बाया त्यांच्यावर चिडल्या. "मंग तू काय खाशीन?" म्हणून ओरडल्या. सोनीबाईंनी सगळ्यांना हसून गप्प केलं. शेवटी एकेक जण जड मनाने हो म्हणत गेला. म्हातारे म्हणाले, तरण्या पोरी म्हणाल्या, कडेवर मूल घेऊन मागे उभी असलेली बाईही म्हणाली.

वारलूदादा भाऊंकडे वळले. "आता तू बोल खुशाल. तू बी याच कुळाचा हायस."

भाऊ गप्प बसले. हो म्हटलं की पूल होणार होता, राई वाचणार होती, दिल्लीत दिलेला शब्दही खरा ठरणार होता. फक्त एक शब्द हवा होता, आणि तो शब्द तर भाऊंनी आयुष्यभर चहा निवायच्या आत उच्चारला होता. तो त्यांच्या तोंडातून निघत नव्हता.

आणि मग जे झालं ते मी कोणत्याही सभेत पाहिलेलं नाही. काहीच झालं नाही. कोणी त्यांना टोकलं नाही. कोणी श्वास घेऊन "मंजूर" म्हटलं नाही. त्यांच्या गप्प बसण्याला कोणीही हो समजलं नाही. सगळं गाव बसून राहिलं. कोणी विस्तवावर लाकूड सारलं. बसल्या बसल्या पोरं पेंगली. आंब्याची सावली एका बाजूची दुसऱ्या बाजूला गेली, आणि एवढी माणसं एकट्या खुशालसाठी थांबली होती. ज्या माणसाने यांच्यासाठी एका श्वासापलीकडे थांबणं टाळलं, त्याच्यासाठी ही माणसं दिवस घालवत होती.

भाऊंच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. त्यांनी ते पुसलं नाही. खूप वेळाने ते बोलले, इतक्या हळू की मी चालू असतो तरी भोंग्यातून काही निघालं नसतं.

"आत्या, तुहे झाडं कापायले माहा हो नाई. अन् त्या दिवशी तुमचा बी हो नव्हता. मीच आपल्या मनानं लावून टाकला."

सोनीबाईंनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. "आता बोल्ला," त्या म्हणाल्या. "चाल, जेवून घे. उद्या पुन्हा बसू."

भाऊ राहिले. दुसऱ्या दिवशी पुन्हा बसले, त्यानंतरही बसले. दिल्लीचे फोन वाजत राहिले. शेवटी नाल्याच्या खालच्या अंगाला, जिथून जुनी बैलगाडीची वाट जाते, तिथे पूल करायचं सगळ्यांनी मिळून ठरवलं. रस्ता लांबतो, डोंगराला वळसा पडतो, पण राईलाही धक्का नाही आणि मोहालाही नाही. त्या वेळी भाऊंनीही हो म्हटलं, सगळ्यांच्या नंतर.

पुढच्या अधिवेशनात भाऊंनी वेळ मागून घेतला. मी टीव्हीवर पाहत होतो. ते म्हणाले, गावाने मंजुरी दिली असं मी या सभागृहात सांगितलं होतं, ते खरं नव्हतं. गाव विचार करत होतं आणि मी निघून आलो. समोरच्या बाकांवर लोक हसले. भाऊ हसू संपेपर्यंत उभे राहिले, आणि मग नव्या जागेचा पूल मागितला. विरोधकांनी ते हसू गावोगावी दाखवलं. पुढच्या निवडणुकीत त्याचं काय होईल ते होईल. नाल्याच्या खालच्या अंगाला आता खांब उभे राहिले आहेत, ते मी स्वतः पाहून आलो. पूल होणार, हे मी छातीठोकपणे सांगतो.

आता मी दुकानातच जास्त असतो. नवे बिनवायरचे माइक आले आहेत. बाबूभाई मला अजून पुसतात, पण कधी कधी विसरतात, आणि मग माझ्या जाळीत धूळ साचते. गावांच्या सभेला मात्र भाऊ मलाच मागवतात. स्वतःचं बोलून झालं की मला समोरच्या रांगेत देतात आणि खाली बसतात. कार्यकर्ते घड्याळ पाहतात, बॅटरी उतरत जाते, भाऊ हलत नाहीत.

मित्रांनो, मला जपा. माझी वायर पिळू नका, मला पावसात सोडू नका, आणि गालात खर्रा असेल तर आधी चूळ भरा. आणखी एक मागणं आहे. कोणाला काही विचारण्यासाठी मला हातात घेतलंत, तर उत्तर येईपर्यंत त्याच्यासमोर बसून राहा. तो गप्प आहे म्हणून त्याचं उत्तर तुम्ही माझ्यातून देऊ नका. त्याला वेळ लागेल. लागू द्या.